इंदूआत्याची जर्मन गाडी

इंदूआत्या कुठल्याही घरात शिरली की आधी वर बघायची. यजमानाकडे नाही, खुर्चीकडे नाही, छताकडे. पंखा कशावर टांगलाय, झुंबराची साखळी धड आहे का, माळ्यावर कोणी जुनी ट्रंक तर ठेवलेली नाही ना, एवढं बघून झालं की मगच ती "काय म्हणता मंग?" म्हणून बसायची. माझ्या लग्नात मुलीकडच्या बायका ओवाळायला ताट घेऊन उभ्या, आणि आत्या मान वर करून कमानीचे खिळे तपासते आहे. शेवटी तिने मला बाशिंगासकट बाजूला ओढलं. "लोडखाली उभा राहू नको बे, मुन्न्या." लोड म्हणजे कमानीला टांगलेला थर्मोकोलचा गणपती होता. सासरच्यांना वाटलं, मुलगा पळून जातोय आणि आत्या मदत करते आहे.

आत्या भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायची. जिथे रेल्वेचे रूळ बनतात त्या लांबलचक शेडमध्ये, छताला लागून असलेल्या छोट्या केबिनमध्ये बसून तिने सगळी नोकरी काढली. आजोबा, म्हणजे तिचे वडील, तुमसरकडची शेती भावावर सोडून भिलाईला आले आणि त्याच प्लांटमध्ये क्रेनला लटकत्या लोडखाली, म्हणजे ओझ्याखाली, सापडून गेले. त्यांच्या जागेवर आत्याला घेतलं. ऑफिसात फायली इकडून तिकडे नेण्याचं काम मिळत होतं. तिने क्रेन मागितली. घरात रडारड झाली. ज्याने बाप नेला तेच चालवतेस का, असं आजीने विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली, "मंग आता थे माया हातात राहीन ना. दुसऱ्याच्या हातात असली की जास्त भेव लागते."

लग्न तिने केलं नाही. भिलाईतच, रिसालीत, आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं स्वतःचं घर बांधलं. एकटी राहायची, पण जेवायला आमच्याकडे यायची, कारण तिच्या मते माझी बायको वर्षा भाजीत तिखट घालते आणि बाकीचं जग फक्त रंग घालतं.

मी या सगळ्याच्या उलट. मी विमा कंपनीत मोटारींचे क्लेम बघतो. सकाळी ऑफिसात गेलो की टेबलावर चेपलेल्या, उलटलेल्या, झाडाला मिठी मारलेल्या गाड्यांचे फोटो असतात. वीस-पंचवीस वर्षं हेच बघितल्यावर माणसाचं जे होतं ते माझं झालंय. मला धावती गाडी दिसतच नाही, तिचा पंचनामा दिसतो. वर्षा म्हणते, "हे नवी सायकल बघितली तरी आधी विचारतात, कुठे ठोकली?"

तर अशा माझ्यासमोर, रिटायर झाल्यानंतरच्या एका दुपारी, आत्याने भाकरीचा तुकडा मोडत सांगितलं, "मले गाडी घ्यायची आहे."

"आहे की तुझ्याकडे," मी म्हटलं.

"थे गाडी नाई, डब्बा आहे. मले पळणारी पायजे." आणि तिने फोन पुढे केला. फोटोत एक जर्मन गाडी होती. खाली बसकी, रुंद, समोरून अशी दिसत होती की कोणावर तरी रागावली आहे.

वर्षा म्हणाली, "आत्या, अहो, ही तर बिल्डरच्या मुलांची गाडी! त्यापेक्षा चारधाम करून या."

"चारधामले बी जाईन. लवकर पोचीन." मग ती माझ्याकडे वळली. "सारी उमर मी मुंगीच्या चालीनं चालली बे. एवढं मोठं इंजिन, एवढा लोड, अन् चाल कशी तं म्हातारा हागायले चालला तशी. एकदा तं मले जोरात जायचं आहे. तू मले एवढंच सांग, नवीन घेऊ का जुनी?"

पैसे तिचे होते. भीती तेवढी आमची होती. मी म्हटलं, घ्यायचीच असेल तर नवी घे. मनात हिशेब असा, की नव्या गाडीला वेळ लागतो, लोन लागतं, विचार बदलायला सवड मिळते.

रायपूरच्या शोरूममध्ये आम्हाला कॉफी मिळाली आणि आत्याने आधी त्यांच्या काचेच्या छताकडे बराच वेळ पाहिलं. टाय घातलेला मुलगा छान हिंदीत सगळं समजावून सांगत होता. वॉरंटी, एअरबॅग, आपोआप लागणारा ब्रेक. मला ती गाडी आवडली. मला म्हणजे माझ्यातल्या क्लेमवाल्याला. आत्याने एकच विचारलं, "मिलेगी कब?"

"मॅडम, ये मॉडेल बाहर से आता है. आज बुक करेंगे तो दिवाली के बाद."

तेव्हा उन्हाळा नुकताच लागत होता. आत्या कॉफी तशीच टाकून उठली.

मग शहराबाहेर जुन्या महागड्या गाड्यांचा एक डीलर होता, तिकडे गेलो. तिथे तीच जर्मन जात, पण मोठ्या इंजिनाची, राखाडी रंगाची, एका ठेकेदाराने हौसेने घेतलेली आणि दोन पावसाळ्यांतच विकायला काढलेली. मी लगेच कामाला लागलो. दाराच्या कडा बोटाने चाचपल्या, डिकीतली चटई उचलली, रंग कुठे दुसऱ्यांदा मारलाय का ते उकिडवं बसून बघितलं. वाईट काही सापडेना, आणि त्यामुळे मी आणखीच घाबरलो. गाडीत खोट नसेल तर नाही म्हणायला कारण काय द्यायचं?

"आत्या, जुनी ती जुनीच. कोणी कशी चालवली असेल काय माहीत."

"तुले नाई समजत," ती म्हणाली. "प्लांटमधी नवीन मशीन लागली की आम्ही दूर उभं राहतो. पहिले काही महिने थे काय करीन, देवाले माहीत नसते. चाललेली मशीन बरी. तिनं आपले नखरे दाखवून टाकले राहते."

डीलरने चावी दिली. आत्या बसली, मी शेजारी बसलो आणि पट्टा इतका आवळला की श्वास अर्धाच आत जात होता. रिकाम्या रस्त्यावर तिने गाडी सोडली. इंजिनाचा आवाज आधी पोटात आला, मग कानात. माझं डोकं मागे आपटलं. मी मोठ्याने एक स्तोत्र सुरू केलं, ते दुसऱ्या ओळीत विसरलो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आत्या मात्र शांत होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर, एकदम स्थिर, जसे लोखंडात ओतलेले.

परत येताना सिग्नलला थांबलो. तिने डावा हात काढून गिअरवर ठेवला. आणि तो थरथरायला लागला. अंगठा आणि बोट, जसं कोणी चिमटीत विडीची तंबाखू चोळतंय. दिवा हिरवा झाला, हात स्टिअरिंगवर गेला, थरथर गेली.  मी बघितलं, आणि मी बघितलं हे तिने बघितलं.

घरी येताना कुम्हारीजवळ चहाला थांबलो. तिने कप उजव्या हातात धरला, डावा पदराखाली घेतला.

"नसांच्या डॉक्टरले दाखवलं," ती म्हणाली. "त्यानं मोठं नाव सांगतलं. गोळ्या चालू आहेत."

"कधीपासून?"

"रिटायर व्हायच्या थोडं आधी. मजा अशी आहे मुन्न्या, की काम करते तवर हात बरोबर राहते. बसला रिकामा की नाचते. डॉक्टर म्हणे, सध्या चालवाले हरकत नाई, पण दाखवत राहा. हळूहळू दुसऱ्या बाजूले बी येईन. कधी, थे सांगता येत नाई म्हणे." तिने चहा संपवला. "थो पोट्टा म्हणे दिवाळीनंतर. दिवाळीनंतर गाडी येईन. पण हा हात माया राहीन का, हे थो लिहून देते का?"

नवी की जुनी, हा प्रश्न त्या टपरीवर संपला. 

"आत्या, मला नाही जमणार हे. मी वर्षाला सांगतो. घरात बोलू."

"सांग ना. पण मी चालवीनच. तुले भेव लागते ना? तं शेजारी बस. तुयासारखा भेकड माणूस मले दुसरा भेटणार नाई. मले तसाच पायजे."

हे तिने कौतुकाने म्हटलं होतं, हे समजायला मला वेळ लागला.

क्रेनच्या कामात एक रीत असते. केबिनमधल्याला खालचं नीट दिसत नाही. खाली सिग्नलमॅन उभा असतो. त्याने बोट वर करून गोल फिरवलं की लोड उचलायचा. त्याने पंजा दाखवला की थांबायचं. आत्याचा सिग्नलमॅन दुकालू नावाचा, चरोद्याकडचा छत्तीसगढी माणूस होता. दोघं एकमेकांशी फारसं बोलायचे नाहीत, पण त्याच्या बोटाशिवाय आत्याने कधी हुक हलवला नाही. "चालायचा इशारा एकच माणूस देते," ती सांगायची. "पण थांबायचा कोणीबी देऊ शकते. झाडूवाला असो, साहेब असो, पंजा दिसला की थांबाव. कावून म्हणून विचारू नाई."

राखाडी गाडी घरी आल्यावर तिने हीच रीत मला लावली. दर रविवारी सकाळी ती स्टिअरिंगवर बसायची, इंजिन सुरू करायची आणि माझ्या हाताकडे बघायची. मी बोट गोल फिरवलं की गाडी निघायची. वर्षा दारात उभी राहून बघायची. "पन्नाशीचा माणूस गाडीत बसून हवेत जिलब्या काढतो," असं तिने शेजारणींना सांगून ठेवलं होतं. पण आमची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती आत जायची नाही, आणि आम्ही परत येईपर्यंत गॅसवर काही ठेवायची नाही.

दुर्गच्या बायपासला रस्ता मोकळा असतो. तिथे आत्या गाडी सोडायची. काटा कुठे जातो ते मी बघत नसे. मी समोर बघायचो आणि प्रत्येक म्हशीत, प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये, बाजूच्या प्रत्येक फाट्यावर मला सोमवारचे फोटो दिसायचे. आत्या हसायची. मोठ्याने नाही. ओठ मिटून, लहान मुलगी चोरून चिंच खाते तशी. ते हसू बघायला मिळायचं म्हणून मी जायचो असं मला म्हणायला आवडेल. खरं म्हणजे मी घरी थांबलो असतो तर आणखी घाबरलो असतो.

एका रविवारी शिवनाथ नदीच्या पुलाच्या अलीकडे, रस्त्याकडेला एक म्हातारी उभी होती. तिने हात वर केला, पंजा उघडा. आत्याचा पाय सरळ ब्रेकवर गेला. पट्टा माझ्या छातीत रुतला, टायर किंचाळले, मागून ट्रकचा हॉर्न अंगावर आला आणि ट्रक आम्हाला घासून, उजवीकडचा आरसा घेऊन पुढे निघून गेला. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली होती. म्हातारी आमच्याकडे बघून गोंधळली, मग आमच्या मागून येणाऱ्या बसकडे धावत गेली. तिने बसला हात केला होता.

मी आयुष्यात पहिल्यांदा आत्यावर ओरडलो. "वेड लागलंय का तुला? कशाला थांबवलीस?"

"इशारा होता," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"हा रस्ता आहे, आत्या! इथे लोक बसला हात करतात, बकऱ्यांना करतात, नमस्काराला करतात! प्रत्येक हाताला थांबलीस तर घरी आपले फोटो जातील, आपण नाही!"

तिने गाडी हळूच कडेला घेतली.  डावा हात मांडीवर नाचत होता, तिने तो लपवला नाही.

"बरोबर आहे तुयं," ती म्हणाली. "खाली शेडमधी ज्यानं पंजा दाखवला, त्याले काही तरी दिसलं राहते. इथं तसं नाई." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तं आता दुसऱ्या कोणाचा इशारा नाई. चालायचा बी तुया, थांबायचा बी तुयाच. तुले दिसलं तं तू सांगशील. नाई दिसलं तं गेलो दोघं."

तोवर मला वाटायचं, भीती काय असते ते मी जाणतो. ती तर फक्त अपघाताची होती. आता मला तिच्याकडे बघायचं होतं. रस्ता सोडून मी तिचा पाय बघू लागलो, मान बघू लागलो, वळणावर डोळे किती लवकर फिरतात ते बघू लागलो. आठवडाभर ऑफिसात मला तेच आठवायचं. आत्या हसायची आणि मी तिचा घोटा बघत असायचो.

दिवाळी गेली, थंडी आली. तिने उगाच एकदा म्हटलं, "थे नवीन गाडी आता आली असती बे," आणि विषय सोडून दिला. तिचं बोलणं बारीक झालं होतं. पोळीचा घास तोंडापर्यंत जायला वेळ लागायचा. गाडीत मात्र सगळं ठीक होतं, असं मी स्वतःला सांगत होतो.

मग तो रविवार. बायपासवरून उतरताना समोर गतिरोधक होता. दर वेळी तिथे तिचा पाय ज्या झाडापाशी ब्रेकवर जायचा त्या झाडापाशी गेला नाही. गेला, पण झाड मागे पडल्यावर. गाडी उडाली, डोकं छताला लागलं. ती म्हणाली, "सॉरी हं." मी म्हटलं, "काही नाही."  त्या आठवड्यात मला नीट झोप आली नाही. वर्षाने विचारलं तर मी पित्त झालंय म्हणालो. तिने सोलकढी करून दिली. ती पिऊन पित्त गेलं असेल, बाकीचं नाही.

पुढच्या रविवारी आत्या नेहमीसारखी बसली. पट्टा लावायला तिला वेळ लागला, मी मदत केली नाही, तिला आवडत नसे. तिने इंजिन सुरू केलं. मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं.

मी हात मांडीवर ठेवला होता. बोट उचललं तर ती निघेल, हे मला माहीत होतं. मी काय काय ठरवून आलो होतो, कसं सांगायचं, डॉक्टरांचं नाव पुढे करायचं की वर्षाचं. त्यातलं काही तोंडातून येईना. आणि हात उचलेना. इंजिन चालू होतं. ती थांबली होती. इशाऱ्यासाठी थांबण्याची तिला सवय होती, तिने घाई केली नाही. वर्षा दारात होती. समोरच्या घरातला कुकर शिट्ट्या देत राहिला.

मग आत्याने इंजिन बंद केलं.

"पाय उशिरा येऊन राहिला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"मालूम आहे. त्या झाडापाशी."

"तुला कळलं होतं?"

"मले नाई कळणार तं कोणाले?"

"मग आज का बसलीस?"

तिने चावी काढायचा प्रयत्न केला. बोटं ऐकेनात. मी हात पुढे केला, तर तिने नको म्हणून मान हलवली आणि हळूहळू स्वतःच काढली.

"माया हातानं मले नसतं थांबता आलं, मुन्न्या," ती म्हणाली. "तू बोट फिरवलं असतं ना, तं मी गेली असती. म्हून तं तुले बसवलं शेजारी. हप्ताभर मी देवाले म्हणून राहिली होती, आज तरी या पोट्ट्याले भेव लागू दे."

मी तिथेच रडलो. ती रडली नाही. पदराने माझं नाक पुसलं, जरा जोरातच, आणि म्हणाली, "चाल, उतर. वर्षानं पोहे केले असतील."

वर्षाने पोहे केले नव्हते. आम्ही परत आल्याशिवाय ती गॅस पेटवत नसे. त्या दिवशी तिने आत्याला धरून आत नेलं आणि मग केले. तिखट जास्त झालं होतं. आत्याने दोनदा घेतले.

त्यानंतर आत्या जवळजवळ दोन वर्षं होती. आधी काठी, मग खाट. शेवटी बोलणं इतकं बारीक झालं की कान तिच्या तोंडाशी न्यावा लागे. थंडीतल्या एका सकाळी न्यूमोनियाने गेली. मी शेजारी होतो. गाडी दुर्गच्या एका तरुण डॉक्टरने घेतली. त्याने विचारलं, कधी ठोकली होती का? मी म्हटलं, आरसा बदललाय. बाकी ती ज्यांनी चालवली त्यांना जोरात जायचं होतं, पण त्या थांबत असत.

आता ऑफिसात लोक मला विचारतात, दादा, नवी घेऊ की सेकंडहँड? तुम्ही एवढे क्लेम बघता. मी त्यांना विचारतो, शेजारी कोण बसणार आहे? ते जरा विचार करतात, मग बायकोचं नाव सांगतात, भावाचं सांगतात, कोणी म्हणतं, कोणीच नाही. त्यांना वाटतं विम्याच्या फॉर्मात तसा रकाना असेल. मी त्यांना तसं वाटू देतो.